हुंडी, पेठ आणि परपेठ

हुंडीच्या व्यवहारात एक जुना रिवाज होता. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेली हुंडी वाटेत गहाळ झाली, तर हुंडी लिहिणारा मूळ हुंडीचा उल्लेख करून त्याच रकमेची दुसरी चिठ्ठी लिहून देई. तिला ‘पेठ’ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी चिठ्ठी निघे, ती ‘परपेठ’. तीही पोहोचली नाही तर ‘मेजर’. मूळ हुंडीचे पैसे आधी चुकते झालेले नसतील, तरच पेठेवर पैसे मिळत. त्यामुळे एका रकमेची दोनदा वसुली होण्याची भीती नसे. कागद हरवतो, भिजतो, जळतो, चोरीला जातो, हे त्या पेढ्यांनी गृहीतच धरले होते. हरवलेल्या कागदाच्या जागी येणाऱ्या प्रत्येक कागदाचे नाव त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

आज पेढीचा हिशेब संगणकात असतो. दीपावलीच्या वहीपूजनात पाटावर कोरी वही मांडली जाते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते आणि शेजारच्या लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहिले जाते. पूजा वहीची होते. व्यवहार मात्र वर्षभर लॅपटॉपमध्येच लिहिला जातो. त्या खतावणीला पेठ आहे काय, परपेठ आहे काय, हा प्रश्न अनेक दुकानांत तोवर विचारला जात नाही, जोवर एके दिवशी संगणक सुरूच होत नाही. हिशेबाच्या प्रती कशा आणि कुठे ठेवाव्यात, आणि दुकान बुडाले, जळाले किंवा संगणक निकामी झाला तर कारभार पुन्हा कसा उभा करावा, हा या लेखाचा विषय आहे.

काय परत मिळते, काय मिळत नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराच्या सखल भागांत पाणी कित्येक दिवस हलले नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा पाणी इतक्या वेगाने चढले की माल वर उचलायलाही उसंत मिळाली नाही. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. महाराष्ट्रातील व्यापाऱ्याला पूर ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही.

अशाच एखाद्या पेठेतील घाऊक किराणा दुकानाची कल्पना करावी. गल्ल्याजवळ एक मुख्य संगणक, त्याला लोक ‘सर्व्हर’ म्हणतात. बिलासाठी आणखी दोन संगणक त्याला जोडलेले. आसपासच्या खेड्यांतील साडेतीनशे किरकोळ दुकानदार उधारीवर माल नेतात. मुलगा दर शनिवारी हिशेबाची प्रत एका हार्ड डिस्कवर घेतो आणि ती डिस्क गल्ल्याखालच्या खणात ठेवतो. पाणी आले तेव्हा संगणक आणि डिस्क दोन्ही एकाच रात्री बुडाली.

पाणी ओसरल्यावर या दुकानदाराला काय काय परत मिळेल? जीएसटीची भरलेली विवरणपत्रे सरकारी पोर्टलवर आहेत, ती उतरवून घेता येतील. खरेदीची नोंद पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांतून मिळेल. बँक खात्याचा उतारा बँक देईल. मोठे पुरवठादार स्वतःची येणेबाकी स्वतःहून कळवतील. ती सहसा कोणी विसरत नाही. पण त्या साडेतीनशे दुकानदारांपैकी कोणाकडे किती येणे आहे, कोणी गेल्या आठवड्यात रोख भरणा केला, कोणाचा खराब माल परत घ्यायचा कबूल केला होता, कोणाला शेकड्यामागे किती सूट ठरली होती, कोणत्या हमालाला सणासाठी उचल दिली होती, हे सरकारकडे नाही, बँकेकडे नाही आणि पुरवठादाराकडेही नाही. ते फक्त त्या एका संगणकात होते.

येथे नुकसान पैशापुरते राहत नाही. ज्याने रोख भरणा केला त्याची पावती त्याच्याही घरी वाहून गेली असेल, तर दोघांनीही खरे बोलून आकडे जुळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध अशा आठ-दहा हजारांच्या वादावरून तुटतात. पुरात भिजलेल्या साखरेचा विमा मिळू शकतो. भिजलेल्या विश्वासाचा विमा कोणी उतरवत नाही.

कायद्यानेही ही गोष्ट व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपाव्या लागतात. त्याच कायद्याखालील नियम ५७ सांगतो की संगणकातील नोंदींची योग्य प्रत अशा रीतीने ठेवावी, की अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी काळात ती माहिती पुन्हा उभी करता येईल. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांसाठी नियम अधिक कडक आहे: ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीपासून हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे आवश्यक झाले आहे. ‘पुरात गेले’ हे उत्तर खरे असले, तरी नियम ५७ वाचलेला अधिकारी त्यावर पुढचा प्रश्न विचारू शकतो.

जिला प्रत म्हणता येत नाही अशी प्रत

खणातली ती डिस्क ही प्रत होती, पण पेठ नव्हती. पेठ हुंडीबरोबर एकाच थैलीतून प्रवास करीत नसे. मूळ कागदाला जे संकट गाठेल त्याच्या वाटेत दुसरा कागद नसावा, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. ही एक कसोटी लावली, तर आज ‘बॅकअप’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक गोष्टी गळून पडतात.

पहिली गोष्ट जोड-डिस्कची. काही सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात आणि एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर उमटते. एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, हा तिचा फायदा खरा. पण कोणी चुकून खाते पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसले जाते. आरशात पाहणाऱ्याने टोपी काढली की आरशातलाही बोडका होतो.

दुसरी गोष्ट आपोआप जुळवून घेणाऱ्या क्लाउड फोल्डरची. संगणकावरील फाइल बदलली की क्लाउडवरची बदलते, पुसली की तीही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण त्या किती दिवस मिळतात हे ज्याने पाहून ठेवले नाही, त्याने त्यांवर भिस्त ठेवू नये.

तिसरी गोष्ट सदैव जोडून ठेवलेल्या डिस्कची. रॅन्समवेअर नावाचा खंडणीखोर विषाणू संगणकात शिरला की फाइलींना गुप्त कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. जोडलेली डिस्क त्याला दिसते. तिलाही तो कुलूप घालतो. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कमधील क्लाउडनॉर्डिक या कंपनीवर असा हल्ला झाला. तेथे मूळ सर्व्हर आणि प्रतींचे सर्व्हर एकाच अंतर्गत जाळ्यातून गाठता येत होते. हल्लेखोरांनी दोन्हींना कुलूप घातले आणि बहुतेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. प्रती होत्या, दोन ठिकाणीही होत्या. पण एकाच दाराने सर्व खोल्यांत जाता येत होते.

चौथी गोष्ट ‘क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे’ या समजुतीची. क्लाउड म्हणजे अखेर दुसऱ्याच्या इमारतीतला संगणक. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहितीकेंद्राला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारचीचा काही भाग जळाला. अनेक लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे आणि हिशेब त्या रात्री गेले. त्यांतील एका लहान फ्रेंच कंपनीने प्रतीसाठी वेगळे पैसे मोजले होते. प्रत मूळ सर्व्हरच्याच इमारतीत ठेवलेली होती, हे तिला आगीनंतर कळले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन भरपाई मंजूर केली. भरपाई रकमेची झाली, हिशेबाची होऊ शकली नाही. क्लाउडची सेवा घेणाऱ्याने दोन प्रश्न लेखी विचारावेत: प्रत मूळ माहितीपासून वेगळ्या शहरात आहे काय, आणि ती परत मागितली तर किती वेळात मिळेल?

तीन, दोन, एक

या सर्व अनुभवांतून एक साधा नियम रूढ झाला आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने आपल्या व्यवसायातील चित्रे जपण्यासाठी तो मांडला आणि संगणकक्षेत्राने तो उचलला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक प्रत वेगळ्या जागी असावी. हुंडी, पेठ आणि परपेठ यांच्याशी हा हिशेब जुळतो. रॅन्समवेअरमुळे त्याला आता एक पुरवणी जोडली जाते: निदान एक प्रत अशी असावी, की जी कोणत्याही संगणकाला जोडलेली नाही.

लहान दुकानाला यासाठी मोठा खर्च येत नाही. व्यवस्था अशी बसवता येते.

पहिली प्रत रोज रात्री दुकान बंद करताना, हिशेबाच्या प्रणालीतच दिलेल्या बॅकअपच्या सोयीने घ्यावी. चालू असलेल्या डेटाबेसची फाइल नुसती उचलून दुसरीकडे चिकटवली, तर ती अर्धवट उतरण्याचा धोका असतो. सर्व संगणकांवरील काम बंद करून, प्रणालीच्या सोयीनेच प्रत घ्यावी.

दुसऱ्या प्रतीसाठी दोन सुट्या हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्यांच्यावर सम व विषम असे लिहावे. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. प्रत उतरली की डिस्क काढून मालकाने किंवा मुलाने ती घरी न्यावी. जी डिस्क घरी आहे ती दुकानाच्या आगीत जळत नाही आणि दुकानातल्या विषाणूला दिसत नाही. घर दुकानाच्या वरच्याच मजल्यावर असेल, तर डिस्क भावाच्या किंवा मेहुण्याच्या घरी जावी. पेन ड्राइव्ह फाइली नेण्या-आणण्यासाठी ठीक आहे. वर्षानुवर्षे हिशेब जपण्याचे ते साधन नव्हे.

तिसरी प्रत दूरच्या गावी असावी. क्लाउडवर ठेवली तर उत्तम. ते नको असेल तर महिन्यातून एकदा एक डिस्क पुण्याच्या लेकीकडे किंवा इचलकरंजीच्या मावसभावाकडे पाठवावी. मात्र सांगलीची प्रत कोल्हापुरात ठेवताना विचार करावा. २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना एकाच आठवड्यात पूर आला होता. नदीचे खोरे वेगळे असलेले बरे.

शिवाय कालच्या प्रतीवर आजची लिहून जुनी पुसण्याची सवय टाळावी. चूक नेहमी त्याच दिवशी लक्षात येत नाही. तीन आठवड्यांपूर्वी एखाद्या नोकराने चुकीचे खाते पुसले असेल, तर कालच्या प्रतीतही ते खाते नसणार. म्हणून रोजच्या प्रती आठवडाभर, आठवड्याच्या प्रती महिनाभर, महिन्याच्या प्रती वर्षभर आणि ३१ मार्चची प्रत कायद्याने सांगितलेली वर्षे जपावी. लहान दुकानाचा हिशेब काहीशे मेगाबाइटांत मावतो. एवढ्या प्रतींना फारशी जागा लागत नाही.

आणि एक प्रत कागदाची. महिन्याच्या अखेरीस येणेबाकीची यादी छापून घरच्या कपाटात ठेवावी. चार-पाच कागद होतील. विजेशिवाय, पासवर्डशिवाय, कोणत्याही यंत्राशिवाय ती वाचता येते. वर कल्पिलेल्या दुकानदाराकडे ही एक यादी असती, तर साडेतीनशे घरी फिरून त्याला फक्त शेवटच्या काही दिवसांचे व्यवहार विचारावे लागले असते.

परत आणून पाहिल्याशिवाय

एवढी शिस्त पाळूनही एक उणीव राहते, आणि ती भल्याभल्यांना भोवली आहे. गिटलॅब ही संगणक-अभियंत्यांना सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एका अभियंत्याने, दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असे समजून, चालू सर्व्हरवरील माहिती पुसली. सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी चार-साडेचार गिगाबाइट उरले तेव्हा चूक लक्षात आली. प्रत राखण्याच्या पाच पद्धती कंपनीने ठेवल्या होत्या. शोध घेता त्यांतील एकही भरवशाची निघाली नाही. रोजची प्रत घेणारी आज्ञावली आवृत्तींच्या फरकामुळे रोज अपयशी ठरत होती, आणि ती अपयशी झाल्याचे कळवणारी पत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. योगायोगाने त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने एक प्रत घेतली होती. तिच्यामुळे बाकीचे सर्व वाचले. मधल्या सहा तासांचे काम मात्र गेले. कंपनीने हे सर्व न लपवता जगासमोर मांडले, म्हणून त्यातून इतरांना शिकता आले.

जी कंपनी संगणकाचाच व्यवसाय करते तिची ही अवस्था, तर किराणा किंवा कापड दुकानाने ‘बॅकअप पूर्ण झाला’ या पडद्यावरील ओळीवर विसंबू नये. ती ओळ फाइल लिहिली गेल्याचे सांगते. फाइल उघडते काय, तिच्यात हिशेब आहे काय, हे सांगत नाही. प्रत परत आणून पाहणे हा एकच पुरावा आहे. त्यासाठी तीन महिन्यांतून एक रविवार ठरवावा. दुकानातील नव्हे, घरच्या वेगळ्या संगणकावर हिशेबाची प्रणाली बसवावी, डिस्कवरील प्रत तिच्यात परत भरावी, आणि तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: शेवटच्या बिलाचा क्रमांक, रोकडशिल्लक, आणि कोणत्याही पाच ग्राहकांची बाकी. तिन्ही जुळल्या तर त्या दिवसाची प्रत खरी. वहीवर तारीख आणि सही करावी. हे काम एका तासाचे आहे.

या तासाभरात आणखी एक गोष्ट उघड होते: किल्ली कोणाकडे आहे. प्रतीला पासवर्ड असलाच पाहिजे, कारण डिस्क प्रवासात हरवू शकते. पण पासवर्ड एकट्या मुलाच्या डोक्यात असेल आणि मुलगा रुग्णालयात असेल, तर ती डिस्क कोणालाच उघडत नाही. टॅलीतील हिशेबाला व्हॉल्ट-पासवर्ड घातला असेल आणि तो विसरला गेला, तर तो हिशेब उघडण्याचा दुसरा मार्ग नाही. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरच्या तिजोरीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा आणि ते पाकीट कुठे आहे हे घरातील दोन जाणत्या माणसांना ठाऊक असावे. क्लाउडचे खाते, संकेतस्थळाचे नाव, हिशेबाच्या प्रणालीचा परवाना यांची नोंदणी कोणाच्या नावाने आहे, हेही पाहावे. संगणक बसवून देणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक दिलेला असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जाईल. आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी तो कोठे असेल, हे कोणी सांगावे?

किती गमावता येईल, किती थांबता येईल

प्रत सुरक्षित असणे आणि कारभार सुरू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला. विषाणूची बाधा न झालेल्या एका सर्व्हरवर प्रत होती आणि तिच्यातून माहिती परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. तरीही बरेचसे व्यवहार पूर्ववत व्हायला सुमारे दोन आठवडे लागले. तोवर रुग्णांची नोंदणी आणि बिले हाताने लिहावी लागली.

यासाठी प्रत्येक व्यावसायिकाने दोन प्रश्नांची उत्तरे शांत काळातच लिहून ठेवावीत. पहिला: संकट आले तर मागचे किती काम पुन्हा करावे लागले तरी चालेल? दिवसाला वीस बिले करणारा सराफ एक दिवसाचे काम आठवून पुन्हा लिहू शकेल. दिवसाला आठशे बिले करणाऱ्या औषधदुकानाला ते अशक्य आहे, त्याने दिवसातून दोन-तीनदा प्रत घ्यावी. दुसरा: संगणकाशिवाय किती दिवस काढता येतील? कापडदुकान आठवडा काढेल. दूधसंकलन केंद्राला दोन वेळांहून अधिक थांबता येणार नाही. ज्याचे उत्तर काही तासांचे आहे, त्याने दुसरा संगणक आधीच तयार ठेवावा.

परतीचा वेळ मोजतानाही हिशेब करावा. वीस मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पाचशे मेगाबाइटांचा हिशेब साडेतीन मिनिटांत उतरतो. पण छायाचित्रे किंवा मुद्रणाची चित्रे असलेली एक टेराबाइट माहिती उतरवायला त्याच जोडणीवर साडेचार दिवसांहून अधिक लागतात. अशा व्यवसायाने क्लाउडबरोबर जवळ एक डिस्कही ठेवावी.

दरम्यान दुकान कसे चालावे याचीही तयारी हवी. छापील बिलबुकाचे दोन-तीन गठ्ठे, दरांची यादी, ग्राहक व नोकर यांच्या दूरध्वनी क्रमांकांचा कागद आणि एक कोरी कीर्द, एवढे एका पिशवीत घरी असावे. बिले संगणक आल्यावर भरता येतात. न लिहिलेले व्यवहार भरता येत नाहीत.

संकटाच्या पहिल्या तासात

घाईत केलेल्या चुका संकटापेक्षा जास्त नुकसान करतात, म्हणून थोड्या गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात.

पुराचे पाणी चढू लागले तर प्रथम वीज मुख्य कळीपासून बंद करावी. जिवाला धोका असेल तर काहीही उचलायला थांबू नये. प्रत घरी आहे, हा दिलासा अशा वेळी माणसाला वेळेवर बाहेर पडू देतो. भिजलेला संगणक सुरू करून पाहू नये. भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये, केस वाळवण्याच्या यंत्राने तापवू नये, तांदळात पुरू नये. आतल्या चकत्यांवर गाळ सुकला की माहिती काढणे अधिक अवघड होते. ती तशीच ओली, हवाबंद पिशवीत घालून माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत लवकर पाठवावी. हे काम महागडे असते आणि यशाची हमी नसते.

रॅन्समवेअरची सूचना पडद्यावर दिसली तर तो संगणक लगेच जाळ्यातून काढावा: तार ओढावी, वायफाय बंद करावे. प्रतीची डिस्क ‘काय वाचले ते पाहू’ म्हणून त्या संगणकाला लावू नये. उरलेली एकमेव प्रत अशा उत्सुकतेपायी जाते. सूचनेचे छायाचित्र घ्यावे. पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करावी. सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या व संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. खंडणी दिल्याने किल्ली मिळतेच असे नाही. संगणक पूर्ण पुसून, प्रणाली नव्याने बसवून, विषाणू शिरण्यापूर्वीच्या प्रतीतून हिशेब परत भरावा. जुन्या प्रती जपण्याचा उपयोग येथे कळतो.

ही सर्व व्यवस्था कोणी करायची, हा शेवटचा आणि खरा प्रश्न. घरच्या व्यवसायात ती सर्वांची जबाबदारी असते, म्हणून कोणाचीच राहत नाही. जुन्या पेढीत कीर्द कोणी लिहायची, तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला असायची, हे ठरलेले असे. तसेच प्रतीचेही एकाचे नाव ठरावे, आणि तो गावाला गेला तर दुसऱ्याचे. सून संगणकात तरबेज असेल तर हे काम तिचे. मग दुकानात तिचा शब्दही चालला पाहिजे. तिने ‘आज डिस्क घरी आली नाही’ म्हटले, तर सासऱ्यांनी ती आणायला परत जावे.

कोणतीही खतावणी उघडून पाहिली तर मालकाचे नाव मुखपृष्ठावर असते आणि आतली बहुतेक पाने इतरांच्या नावाची असतात. ग्राहकाचा भरणा, शेतकऱ्याची पट्टी, हमालाची उचल, पतसंस्थेतील विधवेची ठेव, या सर्वांचा पुरावा त्या संगणकात विश्वासाने ठेवलेला असतो. त्यांपैकी कोणीही प्रत ठेवायला सांगत नाही, कारण पेढीने ती ठेवलीच असेल असे ते धरून चालतात.

वर्षातील चार तपासण्यांपैकी दोन वेळा तरी चुकू नयेत: एक, मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा लागण्यापूर्वी, आणि दुसरी, दीपावलीच्या आधीच्या रविवारी. वहीपूजनाला बसण्यापूर्वी गतवर्षाची प्रत एकदा परत आणून, पाच खात्यांची बाकी ताडून पाहावी, आणि त्या दिवसाची तारीख नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.